व्याजावाचून शिकायचे तर...

जून उजाडला की हैदराबादेत पावसाइतकीच महाविद्यालयांच्या प्रवेशयाद्यांची वाट पाहिली जाते. यादीत मुलाचे नाव लागले की पेढ्यांचा पुडा येतो आणि त्याच्या पाठोपाठ फीचा आकडा येतो. नोकरदार घरात या आकड्याचे उत्तर आता जवळजवळ ठरून गेले आहे. थोडी शिल्लक, थोडे भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले आणि बाकीचे बँकेचे शैक्षणिक कर्ज. आपल्या मराठी घरांत कर्जाचे पूर्वी जे भय होते, ते शिक्षणापुरते तरी ओसरले आहे. परंतु याच शहरात, कित्येकदा आपल्याच गल्लीत, अशी घरे आहेत की जिथे हे शेवटचे उत्तर तोंडावाटे काढणेसुद्धा जड जाते. ही घरे मुसलमानांची. तेथे कर्जाला कोणाची ना नाही. अडते ते व्याजापाशी.

मराठी शेजाऱ्याला ही अडचण प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते. मुलगी हुशार, बँक द्यायला तयार, आणि बाप मान हलवून ‘नको’ म्हणतो. हा निव्वळ हट्ट, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला तो हट्ट वाटत नाही. एखादा मनुष्य सोयीचे असूनही एक गोष्ट करावयाची नाही असे ठरवतो आणि त्याची किंमत स्वतः मोजावयास तयार असतो, तेव्हा त्याच्या निश्चयाचा निदान विचार तरी करावा. अडचण इतकीच, की येथे किंमत मोजणारा बहुधा बाप नसतो. ती मोजते त्याची मुलगी. कारण पैसे एकाच्याच फीपुरते असले, तर कोणाचे शिक्षण थांबावयाचे याचा निकाल बहुतेक घरांत न बोलता लागतो. म्हणून हा केवळ धर्मशास्त्राचा प्रश्न उरत नाही.

मूळ निषेध कोठे आहे ते आधी पाहू. कुराणाच्या ‘अल-बकरा’ या दुसऱ्या सूरेत २७५ व्या आयतीपासून ‘रिबा’चा, म्हणजे व्याजाचा, निषेध सुरू होतो. व्यापार विहित आणि व्याज निषिद्ध, असा भेद तेथे स्पष्ट केला आहे. त्याच ओघात २८० व्या आयतीत, अडचणीत सापडलेल्या ऋणकोला सवड द्यावी आणि साधल्यास कर्ज सोडून द्यावे, असे सांगितले आहे. पुढची २८२ वी आयत कुराणातील सर्वांत लांब आयत समजली जाते. कर्जाचा कागद कसा करावा, लिहिणारा कसा असावा, साक्षीदार किती असावेत, यांवर ती जवळजवळ सगळी खर्ची पडली आहे. तेव्हा कर्ज घेणे हे इस्लामला वर्ज्य नाही. पैगंबरांच्या निधनसमयी त्यांचे चिलखत जवाच्या बदल्यात एका यहुदी गृहस्थाकडे गहाण होते, अशी नोंद हदीसग्रंथांत आहे. मात्र व्याजाच्या व्यवहारात व्याज घेणारा, देणारा, कागद लिहिणारा आणि साक्षीदार हे सारे सारखेच दोषी, असेही हदीस सांगते. बँकेच्या कर्जावर विद्यार्थ्याबरोबर आईबापाला सहऋणको म्हणून सही करावी लागते. बापाची लेखणी कागदावर अडते ती याच ठिकाणी.

आणि व्याजाविषयीची तेढ आपल्याला तरी एवढी परकी का वाटावी? १८७५ साली पुणे-नगर भागातील कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्या दंग्यांतून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा जन्मला. त्याहून जुना ‘दामदुप्पट’ हा हिंदू धर्मशास्त्रातील नियम, की एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये, मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी मान्य केला होता. आणि रोजच्या व्यवहारातील आपला ‘हातउसने’ हा शब्द तर काय सुंदर आहे! शेजारणीकडून हातउसने घेतलेल्या शंभर रुपयांचे एकशे दहा करून दिले तर ती अपमान समजेल. मुसलमान ज्याला ‘कर्ज-ए-हसना’ म्हणतो ते हेच. फरक एवढाच, की आपल्याकडे हातउसने चार दिवसांचे आणि चार पैशांचे. चार वर्षांच्या अभियांत्रिकीला पुरतील एवढे हातउसने कोण देणार, हा पेच आहे.

आता बँकेचा हिशेब मांडू. शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना इंडियन बँक्स असोसिएशनने २००१ साली आखली. तिच्याप्रमाणे चार लाखांपर्यंतच्या कर्जास तारण लागत नाही, आणि अभ्यासक्रम पुरा होऊन वर्षभर हप्ते सुरू होत नाहीत. ही सवड फार मोलाची आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु हप्ता थांबला म्हणून व्याज थांबत नाही. समजा, वर्षाच्या आरंभी एक लाख याप्रमाणे चार वर्षांत चार लाख उचलले आणि दर दहा टक्के धरला. सवडीच्या काळात सरळव्याज लावले, तरी पाचव्या वर्षाअखेर एक लाख चाळीस हजार व्याज साचते. त्या पाच लाख चाळीस हजारांचे दहा वर्षांचे हप्ते बांधले तर महिना सुमारे सात हजार एकशे चाळीस रुपये पडतात, आणि एकंदर भरणा साडेआठ लाखांच्या वर जातो. हेच चार लाख बिनव्याजी मिळाले आणि पाच वर्षांत फेडावयाचे ठरले, तर महिन्याला सहा हजार सहाशे सदुसष्ट रुपये. म्हणजे कमी हप्त्यात, निम्म्या काळात सुटका. हिशेब पाहिल्यावर व्याजाला भिणारा बाप अगदीच अव्यवहारी होता असे म्हणवत नाही. शंका एवढीच, की हे बिनव्याजी चार लाख आणावयाचे कोठून?

त्याकडे वळण्यापूर्वी उलेमांमधील मतभेद सांगितला पाहिजे, कारण विद्यार्थी गांगरतात ते येथे. परंपरेचे बहुसंख्य शास्त्री व्याजी शैक्षणिक कर्जाला परवानगी देत नाहीत. दुसरा एक पक्ष ‘जरूरत’चे तत्त्व पुढे करतो: जीव वाचवण्यापुरते निषिद्ध अन्नही चालते, तसे दुसरा मार्गच उरला नसेल तर चालावे. यावर पहिला पक्ष विचारतो, की पदवी म्हणजे काय जीव आहे? आणि हाच खरा वादाचा मुद्दा आहे. डॉक्टर व्हावयाचे म्हटले तर पदवीवाचून गत्यंतर नाही. साध्या वाणिज्य पदवीसाठी खर्चिक खाजगी महाविद्यालयच हवे, असे मात्र नाही. केंद्र सरकारच्या २००९ सालच्या योजनेने आणखी एक गुंता उत्पन्न केला. साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्याने व्यावसायिक वा तांत्रिक अभ्यासक्रमासाठी कर्ज घेतले, तर सवडीच्या काळातील व्याज सरकार भरते. सवड संपताच मुद्दल एकरकमी फेडले, तर विद्यार्थ्याने पदरचे व्याज एक रुपयाही भरलेले नसते. काहींना हे पुरेसे वाटते. काही म्हणतात, करारात व्याज लिहिलेले आहेच आणि त्यावर सही आपलीच आहे. शिवाय अभ्यासक्रम मध्येच सोडला तर सवलत जाते, हेही ध्यानात ठेवावयास हवे. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ १९९४ साली स्थापन झाले. त्याचे गरीब कुटुंबांसाठीचे कर्ज तीन टक्क्यांचे आहे. हे तीन टक्के व्याज समजावयाचे की कारभाराचा खर्च? खर्च तेवढाच प्रत्यक्ष येत असेल तर गोष्ट निराळी, असे म्हणणारे शास्त्री आहेत. या निवाड्यात आपण बाहेरच्यांनी पडू नये. ज्याला विचारावयाचे आहे त्याने आपल्या विश्वासाच्या आलिमाला विचारावे. पण विचारताना फीची पावती, घरचे उत्पन्न आणि दुसरे मार्ग यांचा कागद पुढे ठेवून विचारावे. मोघम प्रश्नाला उत्तरही मोघमच मिळते.

हा पेच केवळ आपल्या देशातला आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये २०१२ साली विद्यापीठाची फी वर्षाला नऊ हजार पौंडांपर्यंत वाढली आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जावरील व्याजही वाढले. मुसलमान विद्यार्थी मागे राहतात, हे सरकारने स्वतः मान्य केले. २०१४ साली लोकांची मते मागवली, तेव्हा वीस हजारांच्या घरात उत्तरे आली. त्यातून ‘तकाफुल’ पद्धतीचा निधी सुचला. विद्यार्थ्याने निधीतून फी घ्यावी, पुढे कमाईच्या प्रमाणात निधीत भर घालावी आणि त्या पैशांवर पुढच्यांनी शिकावे. रक्कम व्याजी कर्जाइतकीच पडावी, कोणाला झुकते माप नको, हीही अट होती. २०१७ च्या कायद्यात तशी तरतूद झाली. तरीही २०२५ संपेपर्यंत ही योजना सुरू झालेली नव्हती. ज्या देशाच्या कारभाराचे आपण गोडवे गातो, तेथली ही गती! आपल्याकडे रघुराम राजन समितीने २००८ साली बिनव्याजी बँकव्यवहाराची शिफारस केली होती. पुढे बराच खल होऊन रिझर्व्ह बँकेने २०१७ साली तो विषय सोडून दिल्याचे जाहीर झाले. तेव्हा बिनव्याजी बँकेची वाट पाहत बसण्यात तूर्त हशील नाही.

सरकारी शिष्यवृत्तीचे काय? सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा २००१ च्या शिरगणतीच्या आधारे दाखवले होते, की वीस वर्षांवरील लोकसंख्येत पदवी वा पदविका मिळवलेले लोक सात टक्के होते. मुसलमानांत चार टक्क्यांहूनही कमी. त्यानंतर केंद्राने मॅट्रिकोत्तर आणि गुणवत्ता-नि-गरज अशा शिष्यवृत्त्या काढल्या. हे पैसे कर्ज नव्हेत, त्यांत व्याज नाही, म्हणून मुसलमान विद्यार्थ्यांना त्यांचा फार मोठा आधार वाटला. पुढे हात आखडला. संशोधन करणाऱ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज भरणारी ‘पढो परदेश’ योजना या दोन्ही २०२२ मध्ये बंद झाल्या. तेलंगणात फीच्या प्रतिपूर्तीची योजना आहे, आणि २०१५ पासून अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी अनुदान मिळते. त्याची मर्यादा पुढे वीस लाखांवर गेली. मात्र प्रतिपूर्तीची रक्कम सरकारकडून महाविद्यालयाकडे पोहोचेपर्यंत वर्षे लोटतात, आणि तोवर विद्यार्थ्याची प्रमाणपत्रे महाविद्यालयाच्या कपाटात अडकून पडतात. शेवटी ती सोडवण्यासाठी बाप रोख भरतो, आणि रोख पैसा आणण्यासाठी पुन्हा कर्जच.

प्रामाणिकपणाची दुसरी परीक्षा येथे सुरू होते. व्याज टाळणारा विद्यार्थी खोटेपणाही टाळतो असे गृहीत धरू नये. दोन्ही मोह वेगळे आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा दोन लाखांची. ज्याचे उत्पन्न एक लाख पंच्याण्णव हजार आहे त्याला सर्व काही, आणि ज्याचे दोन लाख दहा हजार त्याला काहीही नाही. ही रेघ अन्यायाची आहे, हे मी अगदी मोकळेपणाने म्हणेन. परंतु कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला दलाल तो अन्याय पाचशे रुपयांत दूर करून देतो, तेव्हा प्रश्न बदलतो. उत्पन्नाचा दाखला ही साक्ष आहे. व्याजाच्या कागदावर सही करण्यास कचरणाऱ्या हाताने खोट्या साक्षीवर सही करावी, यात काय साधले? २०२३ साली केंद्राच्या अल्पसंख्याक खात्याने शिष्यवृत्ती घेणाऱ्या सुमारे दीड हजार संस्थांची तपासणी केली. त्यांपैकी ८३० संस्था केवळ कागदावर होत्या किंवा बनावट व्यवहार करीत होत्या, आणि सरकारी पैशांचा तोटा १४४ कोटींच्या वर होता. प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले. यातले बहुतेक पाप संस्थाचालकांचे आणि मधल्या दलालांचे, हे खरे. पण ज्यांचे अर्ज त्यांनी भरले त्यांत काही खऱ्या मुलांची नावे आणि खरी खाती असणारच. निधी आटला की तो आटण्याचे कारणही अशा प्रकरणांतून सरकारला आयतेच मिळते.

परदेशी जाणाऱ्यांच्या बाबतीत हा मोह मोठ्या रकमेचा होतो. अमेरिकन विद्यापीठाला वर्षभराचा खर्च भागेल एवढी शिल्लक बँकेत दाखवावी लागते. हैदराबादेत सल्लागारांची कचेरी नाही असा रस्ता क्वचितच सापडेल. आणि त्यांतले काही जण दीडदोन महिन्यांपुरते पैसे खात्यात ‘दाखवण्याची’ सोय दलालीवर करून देतात. ज्या घराने बँकेचे कर्ज व्याजासाठी नाकारले, तेच घर ही दलाली देते असे दिसते तेव्हा वाईट वाटते. तेथे पोहोचल्यावर मग पुढचा धोका. विद्यार्थी-व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातच, आणि आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते. बाहेर पेट्रोलपंपावर वा उपाहारगृहात रोखीने राबणारी मुले पकडली गेली, की फीही जाते आणि देशही सुटतो. खोट्या शिलकीवर गेलेल्या मुलाला राबण्यावाचून गत्यंतर नसते, हे त्याला पाठवणाऱ्यांनी आधीच ओळखावयास हवे.

पैसा साठवणाऱ्या आईबापांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. बँकेचे व्याज नको म्हणून मुलांच्या शिक्षणाची पुंजी ‘हलाल नफा’ देणाऱ्या कंपन्यांत ठेवण्याची लाट दक्षिणेत आली होती. २०१९ च्या जूनमध्ये बेंगळूरच्या आय-मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी या कंपनीचा चालक देशाबाहेर निघून गेला आणि हजारो ठेवीदार रस्त्यावर आले. त्यांत मुलीच्या शिक्षणाचे आणि लग्नाचे पैसे ठेवलेल्या विधवा होत्या. व्यापारात नफा तसा तोटाही असतो; महिन्याच्या महिन्याला नेमका नफा हाती ठेवणाऱ्या दुकानाला व्यापार म्हणावयाचे की आणखी काही, याचा विचार श्रद्धेच्या भरात राहून गेला. त्यापेक्षा आईच्या पाटल्या-बांगड्या बऱ्या!

आणि पाटल्यांवरून बिनव्याजी पतसंस्थांची गोष्ट निघते. ही कल्पना हैदराबादला नवी नाही. संस्थानाच्या काळात, १९२३ साली, येथील सरकारी नोकरांनी आपापसांत बिनव्याजी कर्ज देणारी सहकारी संस्था काढली होती. इस्लामी विद्येचे मोठे पंडित डॉ. मुहम्मद हमीदुल्ला हे हैदराबादचे; १९४८ नंतर ते पॅरिसमध्ये स्थायिक झाले. हैदराबादच्या अशा संस्थांची हकीकत त्यांनी लिहून ठेवली आहे. उत्तरेत देवबंदचा ‘मुस्लिम फंड’ १९६१ सालापासून चालत आला आहे. २०१० पासून दिल्लीची ‘सहूलत’ ही संस्था ठिकठिकाणच्या बिनव्याजी पतसंस्थांना मार्गदर्शन करते. या संस्थांचे काम सरळ आहे. सभासद आपली बचत ठेवतात आणि तिच्यावर काही मागत नाहीत. त्या रकमेतून गरजूंना कर्ज दिले जाते. सोने तारण घेतात किंवा दोन जामीन मागतात. कारभारास जो खर्च येतो तेवढाच सेवाखर्च म्हणून कर्जदारांवर वाटला जातो. कर्जाचा आकडा वाढला म्हणून तो शेकड्याने वाढू नये, कारण तसे झाले की ते व्याजच झाले, याची दक्षता चांगल्या संस्था घेतात. विद्यार्थ्याने चौकशी करताना नेमके हेच विचारावे: सेवाखर्च कसा ठरतो, आणि वार्षिक हिशेब सभासदांना दाखवला जातो की नाही.

या संस्थांची मर्यादाही लपवून चालणार नाही. त्यांचे कर्ज छोटे असते. तीस-चाळीस हजारांत एका सत्राची फी भागते, चार वर्षांची नव्हे. रुपया दरवर्षी झिजत असतो, तेव्हा आज दिलेले चार लाख पाच वर्षांनी परत आले तरी तेवढ्या फीला पुरत नाहीत. आणि परत आले नाहीत, तर पुढे रांगेत उभ्या असलेल्या मुलाला ‘उद्या या’ म्हणण्यापलीकडे चिटणीसाच्या हाती काही राहत नाही. बँक बुडव्यामागे वकील लावते. येथे वसुलीला फार तर एखादा वृद्ध सभासद संध्याकाळी दारात येऊन उभा राहतो. नोकरी लागताच गाव बदलणारी, फोनचा क्रमांक बदलणारी मुले आहेत. व्याज नाही म्हणून कर्ज नाही, अशी त्यांची समजूत झालेली असावी. वास्तविक इस्लामी धर्मशास्त्रात न फेडलेल्या कर्जाचे ओझे मरणानंतरही सुटत नाही, आणि वारसांत वाटणी होण्यापूर्वी आधी कर्ज वारावे लागते.

तिसरा मार्ग जकातीचा. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी यांच्या किमतीइतकी शिल्लक ज्याच्यापाशी चांद्र वर्षभर आहे, त्याने तिचा अडीच टक्के भाग गरिबांसाठी काढावयाचा असतो. ती कोणाला द्यावी याचे आठ वर्ग कुराणाच्या ‘अत-तौबा’ या सूरेतील साठाव्या आयतीत सांगितले आहेत. गरीब विद्यार्थी त्यांपैकी पहिल्या दोन वर्गांत सहज बसतो, आणि अनेक जकात-निधी आता रोख मदतीऐवजी फी भरणे पसंत करतात. येथे एक अडचण अशी, की बाहेरच्याला तिची कल्पनाही नसते. पैगंबरांच्या वंशातील सय्यदांनी जकात घेऊ नये, असा परंपरेचा दंडक आहे. हैदराबादेत सय्यद घराणी पुष्कळ, आणि त्यांतली कित्येक अगदी हलाखीत. नाव थोर, घरात दाणा नाही, आणि ज्या निधीच्या खिडकीपाशी शेजारचा मुलगा उभा राहतो तेथे याला उभे राहता येत नाही. आडनाव न सांगता पैसे घेणारेही असतील; पण प्रामाणिक मुलगा तसे सांगतो आणि परत फिरतो. अशांसाठी जकातीव्यतिरिक्तच्या देणग्यांचा वेगळा हिशेब ठेवणारे निधी आहेत. अर्ज करतानाच तसे स्पष्ट लिहिले तर चिटणीसाला मार्ग काढता येतो.

खर्चच कमी करावयाचा, हा चौथा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, आणि त्याचीच सर्वांत कमी चर्चा होते. दहावीनंतर सरकारी तंत्रनिकेतनात पदविका घ्यावी. ‘ईसेट’ ही परीक्षा देऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. चारांऐवजी तीन वर्षांची फी, आणि मधल्या काळात हाताला कामही. देशातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली याच हैदराबादेत निघाले. दिवसा दुकान सांभाळून पदवी घेणाऱ्यांना त्याने हात दिला आहे. १९९८ चे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ केंद्राचे आहे आणि त्याची फी खाजगी महाविद्यालयांच्या मानाने अगदी थोडी. परंतु लग्नाच्या बाजारात म्हणा, नातलगांत म्हणा, ‘अमुक इंजिनिअरिंग कॉलेज’ या नावाला जी झळाळी आहे ती तंत्रनिकेतनाला नाही. व्याज नको आणि मिरवणूकही हवी, हे दोन्ही साधणे कठीण.

हे सारे मराठी वाचकांपुढे मांडण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. त्याला एक जुने कारण आहे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाल्यावर मराठवाड्यातील मुले शिकावयास या शहरात येत. आणि गरीब मुलांनी वार लावून जेवणे ही रीत आपल्यात घरोघर ठाऊक होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. व्याज नाही, कागद नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था काढून वसतिगृहाची सोय केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, आणि कमवून शिकत. बडोद्याच्या वाचकांना तर सांगावयासच नको, की १९१३ साली आंबेडकर अमेरिकेस गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. आणि तीही बिनशर्त नव्हती, परतल्यावर संस्थानची नोकरी करण्याचा करार तीत होता. कर्जाऐवजी सेवेचा करार, ही कल्पना आजच्या कारखानदारांना आणि रुग्णालयांना का सुचू नये? परिचारिका व्हावयास निघालेल्या मुलीची फी रुग्णालयाने भरावी आणि तिने तीन वर्षे तेथे काम करावे, यात व्याज नाही आणि भीकही नाही. करार मात्र वकिलाला दाखवून करावा.

दुसरे कारण अगदी आजचे. बिनव्याजी पतसंस्थांचे सभासदत्व पुष्कळ ठिकाणी सर्वांना खुले असते, आणि जामीन मुसलमानच हवा असा नियम सहसा नसतो. मुलाच्या घरी स्थिर पगाराचा मनुष्य नाही, नातलग रिक्षा चालवतात किंवा दुकानात कामाला आहेत, म्हणून जामिनावर अर्ज अडतो. त्याच गल्लीत एखादे मराठी काका निवृत्त होऊन पेन्शन घेत असतात. ‘काका, आपण जामीन राहाल का?’ असे त्या मुलाने विचारले तर काकांनी प्रथम दोन गोष्टी पाहाव्यात: मुलाचे मागील वर्षांचे गुण आणि संस्थेचा हिशेब. रक्कम आपल्याला बुडाली तरी सोसेल एवढीच असावी. जामीन म्हणजे आशीर्वाद नव्हे. मुलगा चुकला तर भरावे लागते, हे काकूंनाही आधी सांगून ठेवावे.

आणि जे घर जकात-निधीकडे जाणार आहे त्याने कॅलेंडर पाहून ठेवावे. बहुतेक लोक जकात रमजानात काढतात, निधी तेव्हा भरतो आणि त्याचे वाटप पुढच्या काही महिन्यांत होते. फी मात्र जून ते ऑगस्टमध्ये. चांद्र वर्ष दहाअकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो. २०१६ साली तो ऐन जूनमध्ये आला होता, तेव्हा निधी भरण्याची आणि फी भरण्याची वेळ एकच होती. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीत सुरू होतो. म्हणजे प्रवेशयादी लागल्यावर अर्ज घेऊन गेलेल्या मुलाला निधी बराचसा वाटून संपल्याचे कळते. अर्ज, गुणपत्रिका, उत्पन्नाचा खरा दाखला आणि महाविद्यालयाचा फीचा तक्ता रमजानपूर्वीच निधीच्या कचेरीत पोहोचला पाहिजे, प्रवेश नक्की झाला नसला तरी. पुढे २०३० साली रमजान दोनदा येईल, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरअखेर. त्या जानेवारीसाठीचा अर्ज आधीच्या दिवाळीतच लिहून ठेवलेला बरा.